महामारीतील बालदमा: विषाणूची भीती आणि सुटलेला पंप

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महामारी असल्याचे जाहीर केले, तेव्हा दमा असलेल्या मुलांना या आजाराचा फार मोठा धोका असणार, असा समज सर्वत्र पसरला. साध्या सर्दीच्या विषाणूनेही अशा मुलांना धाप लागते, हा अनुभव जुनाच असल्याने ही भीती निराधार नव्हती. परंतु ज्यांचा दमा औषधाने आटोक्यात होता, त्यांच्यात कोविड सहसा सौम्यच राहिला. स्कॉटलंडमधील शाळकरी मुलांच्या नोंदींत रुग्णालयात दाखल होण्याचा वाढीव धोका आढळला, तो प्रामुख्याने दमा आटोक्यात नसलेल्या मुलांमध्ये.

म्हणूनच दुसरा गैरसमज अधिक घातक ठरला. पंपातील, म्हणजे इनहेलरमधील, स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती खालावते, तेव्हा साथीच्या काळात तो बंद ठेवावा, असे अनेक पालकांना वाटले. दमा म्हणजे श्वासनलिकांच्या आतील अस्तराला आलेली दीर्घकालीन सूज. ती दाबून ठेवणारे हे औषध थेट श्वासमार्गात पोहोचत असल्याने त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागांत मोजली जाते, तर तीव्र झटक्यात तोंडावाटे द्यावे लागणारे स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये असते. पंप सोडल्याने झटका आला, तर मुलाच्या शरीरात अखेरीस कितीतरी अधिक स्टेरॉइड जाते, ही गोष्ट पालकांना वेळीच समजावून सांगायला हवी होती. दीर्घकाळच्या वापराने उंचीत सुमारे एका सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, हे खरे आहे. मात्र अनियंत्रित दम्याची जोखीम त्याहून कितीतरी मोठी आहे. पंपाची ‘सवय लागते’ हा समजही चुकीचा आहे.

पंपापेक्षा नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे बारीक तुषार बनवणारे यंत्र, अधिक ‘जोरदार’ असतो, असेही मानले जाते. वस्तुतः सौम्य व मध्यम झटक्यात स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापरून दिलेले औषध तितकेच परिणामकारक ठरते. शिवाय नेब्युलायझरच्या फवाऱ्याबरोबर विषाणू हवेत पसरण्याची शक्यता असल्याने महामारीत तो शक्यतो टाळण्याचा सल्ला देण्यात आला.

टाळेबंदीत अनेक देशांत मुलांचे दम्याचे झटके घटले, त्यामुळे दमा बरा झाला, असा ग्रह होणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात शाळा बंद असल्याने सर्दीच्या विषाणूंचा संसर्ग कमी झाला होता. मूळ प्रवृत्ती मात्र कायम होती. म्हणून साधारण तीन महिने दमा पूर्ण आटोक्यात राहिल्यावर, मुलाला सर्दी-खोकला नसताना, डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच औषध कमी करायचे असते.