मिसिंगचा माग

खंबाटकीचा चढ लागला की गाडी झटके द्यायची. सपाटीवर एका वेगात सोडली तर तक्रार नाही. पण अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला किंवा उचलला की उचकी लागल्यासारखी अडखळायची. गाडी १९६७ची एमजीबी. आधीच्या गॅरेजमध्ये एका दमात चारही प्लग, कॉइल आणि प्लगच्या वायरी बदलून झाल्या होत्या, कार्बोरेटर दोनदा उघडून झाले होते. मिसिंग होतं तिथंच होतं.

ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. आत १७९८ सीसीचं बीएमसीचं ‘बी-सीरीज’ इंजिन. त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या अ‍ॅम्बॅसेडरनं वर्षानुवर्षं वागवलं. त्यामुळे पुण्यात ही गाडी दाखवायला स्पोर्ट्स कारचा जाणकार नसला तरी अडत नाही. अ‍ॅम्बॅसेडरवर हात बसलेला मिस्त्री मिळाला की झालं. मला तसे एक काका मिळाले.

त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी विचारलं, “साहेब, झटका बसतो तेव्हा आरपीएमचा काटा काय करतो?” मी कधी पाहिलंच नव्हतं. दोघं चक्कर मारून आलो. प्रत्येक झटक्याला काटा खाली पडत होता.

या एका प्रश्नानं निम्मं काम होतं. या सालच्या एमजीबीत कॉइलकडे जाणारा करंट आरपीएमच्या मीटरमधून जातो. काटा पडला म्हणजे कॉइलपर्यंतचा किंवा कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटपर्यंतचा बारा व्होल्टचा रस्ता मध्येच तुटतोय. काटा स्थिर राहून गाडी अडखळली असती, तर संशय कॉइलच्या पुढच्या हजारो व्होल्टच्या बाजूवर, म्हणजे रोटर, कॅप, वायर, प्लग यांवर गेला असता, नाहीतर पेट्रोलवर.

चार सिलिंडरच्या इंजिनाला एका फेऱ्यात दोन ठिणग्या लागतात. ३००० आरपीएमला मिनिटाला ६००० झाल्या, म्हणजे सेकंदाला शंभर. त्यातली प्रत्येक ठिणगी पॉइंट उघडण्याच्या क्षणी जन्मते. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये करंट वाहतो आणि चुंबकत्व साठतं. ते उघडले की ते चुंबकत्व कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात ठिणगीइतका दाब तयार होतो. पॉइंटमधलं अंतर पंधरा थाऊ, म्हणजे ०.३८ मिलिमीटरच्या आसपास. उघडताना पॉइंटवरच ठिणगी उडू नये म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. तो बिघडला की पॉइंट काळे पडतात, प्लगवरची ठिणगी निळी-कडक न राहता पिवळट, मलूल होते. पुष्कळदा तो थंड असताना नीट वागतो आणि गरम झाला की दगा देतो. गाडी अर्ध्या तासानं बंद पडते आणि गार झाल्यावर मुकाट्यानं चालू होते. लोक मग पेट्रोलची लाइन फुंकत बसतात.

एकच सिलिंडर मेला असेल तर शोध सोपा. इंजिन आयडलला ठेवून एकेका प्लगची वायर इन्सुलेशनच्या पकडीनं काढायची आणि तिचं टोक लगेच अर्थला टेकवायचं. जिच्या काढण्यानं आवाजात फरक पडत नाही, तिचा सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. पावसाळ्यात कॅपच्या आत ओल धरते. रात्री अंधारात बॉनेट उघडून पाहिलं तर कॅपवर किंवा वायरींवर निळ्या रेघा सरपटताना दिसतात. रोटरचा दोष मात्र डोळ्यांना दिसत नाही. वरची पितळी पट्टी बसवणाऱ्या रिव्हेटमधून करंट खाली शाफ्टला गळतो आणि प्लगपर्यंत पोचतच नाही. नव्या रोटरमध्येही हा दोष निघतो, म्हणून जुना चांगला रोटर मी कधी फेकत नाही.

माझ्या गाडीचा दोष बारा व्होल्टच्या बाजूला होता, त्यामुळे यातलं काहीच तपासावं लागलं नाही. काकांनी कॅप काढली, पॉइंट मिटतील असं इंजिन हातानं फिरवलं, स्विच ऑन केला. कॉइलचं डिस्ट्रिब्युटरकडे जाणारं टोक आणि इंजिनाची बॉडी यांच्यामध्ये एक छोटा बल्ब जोडला. पॉइंट मिटलेले, करंट त्यांच्यातूनच अर्थला जातोय, म्हणून बल्ब विझलेला. तसाच हवा.

मग त्यांनी व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरकडून सोडवली, तोंडात धरली आणि श्वास आत ओढला.

अ‍ॅक्सिलरेटर कमी-जास्त झाला की हीच ओढ बदलते आणि डिस्ट्रिब्युटरमधली पॉइंटची प्लेट काही अंश फिरवून टायमिंग पुढे-मागे करते. प्लेट हलली. पॉइंट मिटलेलेच होते, तरी बल्ब लागला. श्वास सोडला, विझला. पुन्हा ओढला, पुन्हा लागला.

डिस्ट्रिब्युटरच्या भिंतीतून पॉइंटकडे जाणारी बोटभर वायर असते. प्लेटबरोबर वाकता यावी म्हणून ती मुद्दाम बारीक, मऊ तारांची करतात. काकांनी ती काढून माझ्या तळहातावर ठेवली. वरचं कव्हर धड होतं, कुठे चीर नव्हती. दोन्ही टोकं धरून हलकेच ताणली तर मधोमध रबरासारखी लांबली. आत अखंड तांबं उरलंच नव्हतं. पन्नास वर्षं प्लेटबरोबर वाकून एकेक तार तुटली होती. टोकं टेकलेली असली की करंट जायचा, प्लेट फिरली की सुटायचा.

त्यांनी तेवढ्याच लांबीची मऊ वायर डाग देऊन बसवली, प्लेट पूर्ण फिरते ना ते पाहिलं आणि पॉइंटचं अंतर फिलर गेजनं पुन्हा तपासलं. संध्याकाळी खंबाटकीच्या चढावर मी रस्त्याइतकंच त्या काट्याकडे पाहत होतो.