रणगाड्याचे मॉडेल : बारकावे किती, अचूकपणा किती आणि खर्च किती?

सुट्टी लागली की मुले खेळण्यांचा हट्ट धरतात. पूर्वी जत्रेतला हिरवा प्लॅस्टिकचा रणगाडा मिळाला तरी ती खूष असत. आता मोबाईलवर जगभरची मॉडेल पाहायला मिळतात आणि मुले सुटे भाग जोडून तयार करायचे ‘किट’ मागतात. सातारा व सांगली येथे आम्ही रविवारी जे अभ्यासवर्ग घेतो, तेथेही हा विषय निघाला. कुपवाडच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका पालकांनी आम्हाला सरळच विचारले, “भाऊ, एका खोक्यासाठी आठवड्याची मजुरी जाते. त्यात एवढे असते तरी काय?” प्रश्न रास्त आहे. म्हणून आज या विषयाची थोडी फोड करू.

प्रमाण म्हणजे काय?

किटच्या खोक्यावर १/३५, १/४८ किंवा १/७२ असे आकडे असतात. १/३५ म्हणजे खऱ्या रणगाड्याचे ३५ सेंटिमीटर मॉडेलवर १ सेंटिमीटर होतात. हे प्रमाण जपानच्या तामिया कंपनीमुळे जगभर रूढ झाले. त्याची हकिगत गमतीची आहे. १९६० नंतर या कंपनीने जर्मन ‘पँथर’ रणगाड्याचे मॉडेल काढले. ते मोटारीवर चालायचे होते. आत मोटार आणि बॅटऱ्या बसतील एवढा आकार घेतला गेला, आणि तो खऱ्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्श्याएवढा भरला. पुढे तेच प्रमाण सर्वांनी उचलले.

आपल्या सेनेतील ‘सेंच्युरियन’चे उदाहरण घेऊ. १९६५ च्या युद्धात पूना हॉर्स या रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर याच रणगाड्यातून लढले व १६ सप्टेंबर १९६५ रोजी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. सेंच्युरियनची रुंदी सुमारे ३.३९ मीटर आणि उंची सुमारे ३ मीटर. १/३५ प्रमाणात रुंदी ९.७ सेंटिमीटर आणि उंची ८.६ सेंटिमीटर येते. १/७२ प्रमाणात रुंदी ४.७ सेंटिमीटरच राहते. सातवीतल्या मुलाने हा भागाकार स्वतः करून पाहावा. गुणोत्तर-प्रमाणाचा धडा असा पक्का होतो.

बारकावे आणि अचूकपणा

या दोन गोष्टींची गल्लत होते. बारकावे म्हणजे बोल्ट, कड्या, जाळ्या, दिवे, साखळीपट्ट्याची एकेक कडी. काही नव्या किटमध्ये आतले इंजिनसुद्धा असते आणि सुट्या भागांची संख्या हजारावर जाते. पितळेच्या पातळ पत्र्यातून कोरलेल्या जाळ्याही मिळतात. अचूकपणा निराळा. माप बरोबर आहे का, आणि ज्या सालाचा रणगाडा म्हणून सांगितला आहे, त्या सालचाच तो आहे का, हे त्यात पाहावे लागते.

१९६५ साली आपल्या सेंच्युरियनवर २० पौंडी तोफ होती. तिच्या नळीचा आतला व्यास सुमारे ८४ मिलिमीटर, म्हणजे १/३५ मॉडेलवर २.४ मिलिमीटर. सेंच्युरियनच्या पुढच्या आवृत्त्यांवर १०५ मिलिमीटरची तोफ आली. किटमध्ये ती पुढची तोफ असेल, तर त्यावर कितीही बोल्ट असले तरी तो तारापोरांचा रणगाडा होत नाही. मॉडेलवर एक मिलिमीटर चुकला तर खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटर चुकतात, हेही ध्यानात ठेवावे.

जुन्या साच्यातले किट नव्या चित्राच्या खोक्यात घालून विकण्याची पद्धत या धंद्यात आहे. मोटारीसाठी काढलेल्या जुन्या मॉडेलच्या तळाला भोके असतात आणि काहींची मापेही त्यापायी बदललेली असतात. खोक्यावरचे किंवा तळाच्या भागावर कोरलेले साल पाहून घ्यावे.

खर्च कशाचा?

आपल्या वाचकांपैकी अनेक जण सातारा, कुपवाड, मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत, किर्लोस्करवाडीत फिटर, टर्नर, मोल्डर म्हणून घाम गाळतात. त्यांना हे दुकानदारापेक्षा लवकर कळेल. किटमधले प्लॅस्टिक थोडेसेच असते. महाग असते ती पोलादी डाय. वितळलेले पॉलिस्टायरिन दाबाने तिच्यात सोडतात आणि सर्व भाग एका चौकटीला चिकटून बाहेर येतात. बोल्टाचे डोके जितके बारीक, तितके डायवरचे काम जास्त. शिवाय रणगाड्याची मॉडेल मोटारगाडीच्या सुट्या भागांसारखी लाखोंनी खपत नाहीत. डायचा खर्च थोड्याच खोक्यांवर वाटला जातो.

त्यावर जकात येते. खेळण्यांवरची मूळ आयात जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के झाली. समजा, आपल्या बंदरात उतरताना किटची किंमत २,००० रुपये आहे. ७० टक्क्यांनी जकात १,४०० रुपये होते. खोके ३,४०० रुपयांना पडले. वर वस्तू व सेवा कर, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा. रंग, गोंद, कटर, ब्रश हा खर्च वेगळाच. कर्ज काढून किंवा किराणा मागे ठेवून घ्यावी अशी ही वस्तू नव्हे.

मग करावे काय?

घ्यायचेच असेल तर पहिले किट १/७२ चे, कमी भागांचे घ्यावे. गोंद उग्र असतो. खिडकी उघडी ठेवून, मोठ्या माणसासमोरच तो वापरावा.

पैसे नसतील तर पुठ्ठा घ्यावा. पुठ्ठ्याच्या मॉडेलवर बोल्ट दिसणार नाहीत, पण मापे किटइतकीच बरोबर येऊ शकतात. सेंच्युरियनच्या प्रत्येक बाजूला जमिनीवर टेकणारी सहा चाके असतात. व्यास मोजून त्या मापाची बाटलीची झाकणे शोधावीत. नळीसाठी पेनची रिकामी रिफिल चालते. रुंदी ९.७ सेंटिमीटर ठरली की तीच ठेवावी, अंदाजाने कापू नये. वडील कारखान्यात मापे घेत असतील, तर व्हर्नियर कसा वाचायचा हे मुलाने त्यांच्याकडूनच शिकावे. आपल्या बापाच्या हातात केवढे ज्ञान आहे, हे त्याला तेव्हा कळेल.

आणि खरा रणगाडा पाहायला फार लांब जावे लागत नाही. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे लष्कराने १९९४ मध्ये सुरू केलेले कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. सेंच्युरियन, आपल्या आवडीत तयार झालेला ‘विजयंता’, पाकिस्तानी सेनेचा ‘पॅटन’ असे अनेक रणगाडे तेथे उभे आहेत. शाळेच्या किंवा मंडळाच्या सहलीत हे ठिकाण जरूर घ्यावे. मुलांनी वही-पेन्सिल न्यावी, चाके मोजावीत, कडेने चित्र काढावे.

आमच्या वर्गातल्या मुलांनी पुठ्ठ्याचे काम सुरू केले आहे. एका मुलीने दुसऱ्याच्या मॉडेलला पट्टी लावून “तुझा दोन मिलिमीटर जास्त झालाय” असे सांगितले, तेव्हा आम्हाला फार समाधान वाटले. मोजून पाहिल्याशिवाय मानायचे नाही, ही सवय मुलांना लागली पाहिजे. पालकांनी तिला उत्तेजन द्यावे.