विधिज्ञ नसलेले दंडाधिकारी आणि कनिष्ठ फौजदारी न्यायदान

ज्याने कायद्याचे रीतसर अध्ययन केलेले नाही आणि ज्यास न्यायदानाबद्दल वेतन मिळत नाही, अशा नागरिकाने आपल्या सहनागरिकास दोषी ठरवून कारावासाची शिक्षा द्यावी, ही कल्पना विधिशास्त्राच्या विद्यार्थ्यास प्रथमदर्शनी विपरीत वाटते. तिच्या समर्थनार्थ सामान्यतः दोन कारणे सांगितली जातात : या पद्धतीत खर्च कमी येतो, आणि स्थानिक माणसास स्थानिक परिस्थितीची जाण असते. ही दोन्ही कारणे खरी असली तरी अपुरी आहेत. नियुक्ती, पीठाची रचना, विधिसल्ला आणि अपील यांची जी चौकट अशा दंडाधिकाऱ्याभोवती उभी केलेली असते, तीवर त्याच्या निर्णयाची ग्राह्यता अवलंबून असते. त्याच्या व्यक्तिगत शहाणपणावर नव्हे. इंग्लंडमधील व हिंदुस्थानातील अनुभव ताडून पाहिल्यास हे स्पष्ट होते.

इंग्लंड व वेल्स येथे प्रत्येक फौजदारी खटल्याचा आरंभ दंडाधिकारी न्यायालयात होतो, आणि शेकडा नव्वदांहून अधिक खटले तेथेच निकालात निघतात. ही न्यायालये मुख्यत्वे ‘जस्टिस ऑफ द पीस’ या बिनपगारी दंडाधिकाऱ्यांकडून चालविली जातात. २००७ च्या सुमारास त्यांची संख्या तीस हजारांच्या घरात होती. २०२४ साली ती चौदा हजारांहून थोडी अधिक होती. त्यांच्याबरोबरच काही न्यायालयांत वेतनधारी व विधिज्ञ असे जिल्हा न्यायाधीशही काम पाहतात व ते एकटे बसतात. बिनपगारी दंडाधिकारी मात्र परंपरेने तिघांच्या पीठात बसतात. तिघांपैकी एक अध्यक्ष असतो. पण मताच्या बाबतीत तिघेही समान असतात. पुरावा विश्वसनीय आहे काय, आरोपी दोषी आहे काय आणि त्यास शिक्षा कोणती द्यावी, हे तीनही प्रश्न त्यांनीच सोडवावयाचे असतात. कायदा काय म्हणतो हे सांगण्यासाठी मात्र पीठासमोर एक विधिसल्लागार बसलेला असतो.

या व्यवस्थेचे बीज फार जुने आहे. १३६१ च्या कायद्याने प्रत्येक परगण्यात शांततारक्षणासाठी एक सरदार, तेथील तीन-चार प्रतिष्ठित गृहस्थ आणि त्यांच्या जोडीला कायदा जाणणारे काही जण नेमण्यात यावेत, असे ठरविले होते. म्हणजे सामान्य नागरिकाचा विवेक आणि विधिज्ञाचे ज्ञान यांची सांगड अगदी आरंभापासून अभिप्रेत होती. पुढे हे ज्ञान न्यायालयाच्या लेखनिकाकडे आले आणि त्यातूनच एक नाजूक प्रश्न उद्भवला : सल्ला देणारा हाच प्रत्यक्षात निर्णय देणारा होणार नाही, याची हमी काय?

१९२३ साली ससेक्समधील एका प्रकरणात या प्रश्नाचा निकाल लागला. अपघातात सापडलेल्या एका मोटारसायकलस्वारावर धोकादायक रीतीने वाहन चालविल्याचा खटला झाला. दंडाधिकारी निर्णयासाठी आतल्या खोलीत गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर उपलेखनिकही गेला. हा उपलेखनिक वकिलांच्या ज्या पेढीत भागीदार होता, तीच पेढी त्या अपघाताबद्दल आरोपीविरुद्ध नुकसानभरपाई मागणाऱ्या पक्षाचे काम पाहत होती. आपण त्याचा सल्ला घेतलाच नाही, असे दंडाधिकाऱ्यांनी शपथेवर सांगितले आणि उच्च न्यायालयाने ते खरेही मानले. तथापि दोषसिद्धी रद्द करण्यात आली. न्याय केवळ होऊन भागत नाही, तो होताना निःसंशयपणे दिसलाही पाहिजे, हे सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांचे तत्त्व याच प्रकरणातून सर्वत्र रूढ झाले. ज्या सूत्राचा उच्चार आज सर्वोच्च न्यायालयांतूनही होतो, ते एका किरकोळ खटल्यात, सामान्य दंडाधिकाऱ्यांच्या पीठाच्या मर्यादा आखताना जन्मास आले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. विधिसल्लागाराने खाजगीत काही सल्ला दिला असल्यास तो खुल्या न्यायालयात पक्षकारांना सांगितला पाहिजे, हा आजचा दंडकही याच विचारातून आला आहे.

चौकटीचे इतर भागही क्रमाक्रमाने घडले. या पदासाठी असलेली मालमत्तेची अट १९०६ साली गेली; १९१९ च्या कायद्याने स्त्रियांना हे पद खुले झाले; १९६६ पासून नव्या दंडाधिकाऱ्यांस प्रशिक्षण सक्तीचे झाले. निर्णय मान्य नसल्यास आरोपीस क्राउन न्यायालयात अपील करता येते, आणि तेथे विधिज्ञ न्यायाधीशाबरोबर पुन्हा बिनपगारी दंडाधिकारीच बसतात.

हिंदुस्थानात ही संस्था आली, पण तिची चौकट तिच्याबरोबर आली नाही. १८३२ च्या कायद्याने एतद्देशीयांना जस्टिस ऑफ द पीस होण्याची मुभा मिळाली, आणि १८३४ साली मुंबईत जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभाई प्रभृतींची या पदावर नेमणूक झाली. मुंबईत मात्र या जस्टिसांचे कार्य न्यायदानापेक्षा नगरव्यवस्थेकडेच अधिक झुकले. १८६५ च्या कायद्याने तर त्यांचीच नगरपालिका बनविण्यात आली. फौजदारी न्यायदानासाठी १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४ अन्वये कोणाही व्यक्तीस दंडाधिकाऱ्याचे अधिकार देण्याची सत्ता सरकारकडे होती, आणि कलम १५ अन्वये दोन किंवा अधिक दंडाधिकाऱ्यांचे पीठ बसविता येत असे. परंतु कलम १७ ने हे सर्व दंडाधिकारी जिल्हा दंडाधिकाऱ्यास दुय्यम ठरविले होते. आणि जिल्हा दंडाधिकारी म्हणजेच कलेक्टर, ज्याचे पोलिसांवरही नियंत्रण असे. पीठास बांधील अशा स्वतंत्र विधिसल्लागाराचे पद संहितेने निर्माण केले नव्हते. नेमणूक हा सरकारी मानाचा विषय होऊन बसल्यावर ‘ऑनररी मॅजिस्ट्रेट’ हा लोकांच्या दृष्टीने शेजाऱ्यांचा प्रतिनिधी राहिला नाही. तो सरकारचा माणूस ठरला.

स्वातंत्र्योत्तर काळात सुधारणेची दिशा यामुळेच वेगळी झाली. घटनेच्या पन्नासाव्या अनुच्छेदाने न्यायसत्ता कार्यकारी सत्तेपासून विभक्त करण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि मुंबई राज्याने १९५१ साली तसा कायदाही केला. १९७३ च्या संहितेने विशेष न्यायदंडाधिकारी ठेवले. मात्र त्यांना अधिकार देण्याची सत्ता उच्च न्यायालयाकडे गेली, पात्रता शासकीय पद धारण करणाऱ्या वा केलेल्या व्यक्तींपुरती मर्यादित झाली, कायदेविषयक अर्हता वा अनुभव आवश्यक ठरला आणि मुदत एका वेळी एक वर्षापलीकडे जाऊ नये असे ठरले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११ मध्येही हीच रचना कायम आहे. नेमणुकीचा दोष दूर झाला. पण त्याबरोबर सामान्य नागरिकही न्यायपीठावरून जवळजवळ नाहीसा झाला.

इंग्लंडमध्ये आज नेमका उलट प्रश्न उभा आहे : तेथे नागरिक पीठावर आहे, पण त्याच्याभोवतीची चौकट सैल होत आहे. २०१५ पासून कारावासास पात्र नसलेल्या किरकोळ अपराधांचा निर्णय एकच दंडाधिकारी, विधिसल्लागाराच्या साह्याने, केवळ कागदपत्रांवरून आणि खुल्या न्यायालयाबाहेर देऊ शकतो. आरोपी गुन्हा नाकारील किंवा सुनावणी मागेल तर खटला न्यायालयात येतो. याने काम जलद होते, हे निर्विवाद. परंतु जो आरोपी नोटिशीस उत्तरच देत नाही, तो आजारी आहे, निरक्षर आहे की खरोखर बेफिकीर आहे, हे कागदावरून कळत नाही. आणि समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून ते ओळखणे हाच सामान्य दंडाधिकाऱ्याचा विशेष गुण मानला गेला होता. तिघांची परस्पर चर्चा, पक्षकारांची उपस्थिती आणि लोकांची नजर ही तीनही वगळल्यावर त्या दंडाधिकाऱ्यापाशी विधिज्ञाचे ज्ञान नसते, आणि नागरिकपीठाचे बळही राहत नाही.

सारांश, विधिज्ञ की सामान्य नागरिक, असा पर्याय मांडणे हे या विषयाचे सुलभीकरण होय. कनिष्ठ फौजदारी न्यायालयात येणारा आरोपी बहुधा वकिलावाचून येतो, आणि त्याचा न्यायसंस्थेशी येणारा संबंध बहुतेक वेळा तेथेच संपतो. त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रश्न पुढीलप्रमाणे आहेत : दंडाधिकाऱ्यास कोणी नेमले, त्यास सल्ला कोण देतो, तो सल्ला आरोपीस ऐकू येतो काय, आणि निर्णय चुकल्यास दाद कोठे मागावयाची. कोणत्याही सुधारणेचे मूल्यमापन करताना अभ्यासकाने हेच प्रश्न प्रथम विचारावयास हवेत.