विमानात विणकाम : सुया बॅगेत भरण्यापूर्वी

शिरूरहून नगर रस्त्याने किंवा दौंडहून रेल्वेने पुणे गाठून पुढे परदेशी नातवंडांकडे निघालेल्या आज्यांसाठी :

● नियम कोणाचे? भारतात विमान सुरक्षेचे नियम नागरी विमान सुरक्षा ब्युरो ठरवते. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल करते. सुई न्यायची की नाही, याचा अंतिम निर्णय तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा.

● परदेशात : अमेरिका व ब्रिटनमध्ये विणकामाच्या सुया हातातल्या बॅगेत चालतात. मात्र परतीच्या प्रवासात त्या-त्या विमानतळाचा नियम लागू होतो.

● कात्री : टोकदार धातूची कात्री भारतात केबिनमध्ये चालत नाही. ती चेक-इन सामानात ठेवा. पाते दडवलेले गोल धागाकटरही तिथेच. लोकरीचे तुकडे घरीच कापून घ्या.

● सुया कोणत्या? बांबूच्या किंवा प्लॅस्टिकच्या आखूड सुया सोयीच्या. दोन टोके वायरने जोडलेली गोल सुई सर्वांत उत्तम : ती सीटखाली घरंगळत नाही आणि कोपर शेजाऱ्याला लागत नाही.

● टाके जपा : तपासणीपूर्वी सुईवरच्या सर्व टाक्यांतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवा. सुई काढून घेतली, तरी वीण उसवणार नाही.

● काय विणावे? टोपी, मोजे, बाळाचे झबले. मोठा स्वेटर चेक-इन सामानात जाऊ द्या. नमुना कागदावर लिहून घ्या.

आठवड्यांची मेहनत तपासणीच्या टेबलावर वाया जाऊ नये, म्हणून निघण्यापूर्वी विमान कंपनीला एकदा जरूर विचारा.