घोड्याचा साज घेताना: कमी बजेट, पण घोड्याचा खांदा शाबूत

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकताना मापं लिहून घ्यायची राहिली, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना झालेलं 'म्हणजे', 'काय आहे ना' बरंचसं काढून टाकलंय.

आजचा विषय थोडा वेगळा आहे. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. पण आमच्या मामांकडे टांगा आहे, आणि त्यांना नवीन साज घ्यायचाय. त्यांचा फोन आला, "अरे, तू दिवसभर कॉम्प्युटरवर असतोस, जरा बघ की कुठला चांगला नि स्वस्त मिळतो ते." मी म्हटलं, "मामा, बघतो." आणि मग दोन आठवडे संध्याकाळी मी हेच बघत बसलो होतो. त्यातून जे हाती लागलं ते तुम्हाला सांगतो. तुमच्या घरी घोडा नसेलही. पण टांग्यात बसला असाल, यात्रेत घोडागाडी बघितली असेल, तर पुढच्या वेळी तुमची नजर बरोबर जागी जाईल.

आधी हे समजून घ्या: घोडा गाडी ओढत नाही, ढकलतो

ऐकायला विचित्र वाटेल. गाडी मागे आहे, म्हणजे घोडा ओढतोय असंच दिसतं. पण घोड्याच्या बाजूने बघा. त्याच्या छातीवर एक पट्टा आहे. घोडा त्या पट्ट्यावर छाती रेटतो. पट्ट्याच्या दोन्ही टोकांपासून लांब पट्टे मागे गाडीपर्यंत गेलेले असतात, ते ताणले जातात आणि गाडी पुढे येते. म्हणजे सगळा जोर जिथे अंगाला लागतो ती जागा एकच: छाती आणि खांदा.

आता थोडं गणित. समजा टांगा, टांगेवाला आणि सवारी मिळून वजन ५०० किलो. सपाट डांबरी रस्त्यावर चाक फिरत ठेवायला साधारण वजनाच्या २ टक्के जोर लागतो असं धरू, म्हणजे १० किलोइतका. तीच गाडी मऊ मातीत गेली की हा आकडा १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे ५० किलो. शंभर फुटाला पाच फूट असा चढ आला की आणखी २५ किलो वाढले. आणि थांबलेली गाडी सुरू करताना जो झटका बसतो तो वेगळाच.

हा जोर ४ सेंटीमीटर रुंद पट्ट्यावर आला, तर कातडीवरचा दाब ८ सेंटीमीटरच्या पट्ट्याच्या दुप्पट होतो. जोर तोच, घोडा तोच, फक्त पट्टा अरुंद. त्यात घाम, त्यात धूळ, आणि दिवसाला हजारो वेळा तीच घासण. आधी केस जातात, मग कातडी सोलते, मग जखम. आणि जखम झालेल्या घोड्याला जुंपायचं नसतं. म्हणजे घोड्याला त्रास आणि टांगेवाल्याची कमाई बंद, दोन्ही एकदम. स्वस्त साज महाग पडतो तो इथे.

साजात असतं काय काय

दुकानात किंवा ऑनलाइन 'फुल सेट' म्हणून मिळतो त्यात साधारण हे असतं:

- छातीपट्टा, आणि त्याला जोडलेले मागे जाणारे ओढपट्टे.
- पाठीवरची गादी. हिच्यातून गाडीच्या दांड्यांचं वजन पाठीवर येतं.
- तंग, म्हणजे पोटाखालून गादी घट्ट धरणारा पट्टा. शिवाय दांड्या वर उचलल्या जाऊ नयेत म्हणून पोटाखाली आणखी एक सैलसर पट्टा.
- दुमची, म्हणजे शेपटीखालून जाणारी पट्टी. गादी पुढे सरकू देत नाही.
- मांड्यांमागचा पट्टा. हा घोड्याचा ब्रेक. उतारावर गाडी पुढे यायला लागली की घोडा याच्यावर मागे रेलून ती अडवतो.
- तोंडाचा सरंजाम: लगाम, तोंडातली कडी, झापडं.

मांड्यांमागचा पट्टा पैसे वाचवायला काढून टाकलेला दिसतो. सपाट गावात चालून जाईल असं वाटतं. पण तो नसेल आणि गाडीला स्वतःचा ब्रेक नसेल, तर उतारावर गाडीचा सगळा भार गादी आणि दुमचीवर येतो. शेपटीखालची कातडी फार नाजूक असते. हा भाग वगळू नका.

छातीपट्टा की गळ्यातली कॉलर?

दोन पद्धती आहेत. एक छातीपट्टा, दुसरी गळ्याभोवती बसणारी, आतून भरलेली जाड कॉलर. जड ओझ्याला कॉलर चांगली, कारण ती दोन्ही खांद्यांवर जास्त जागेत जोर पसरवते. पण ती चपलेसारखी असते, त्या एकाच घोड्याच्या मापाची लागते. घोडा बदलला किंवा बारीक-जाड झाला की ती लागायला लागते.

छातीपट्टा बकलाने कमी-जास्त करता येतो, स्वस्त असतो, आणि हलक्या टांग्याला पुरतो. म्हणून सवारीच्या टांग्याला, बजेट कमी असेल तर, माझं मत छातीपट्ट्याच्या बाजूने आहे. अट दोन गोष्टींची. एक, पट्टा रुंद आणि आतून मऊ हवा. दोन, ओढपट्टे जिथे गाडीला अडकतात तिथे मधोमध खिळीवर फिरणारा आडवा दांडा हवा. चालताना घोड्याचे खांदे आळीपाळीने पुढेमागे होतात. दांडा फिरला की पट्टा खांद्याबरोबर सरकतो. दांडा घट्ट असेल तर खांदा पट्ट्याखाली घासत राहतो. हा दांडा गावातला लोहार किंवा वेल्डर करून देतो, आणि सगळ्या साजात इतक्या कमी पैशात इतका फायदा देणारी दुसरी वस्तू मला दिसली नाही.

चामडं, नायलॉन की प्लॅस्टिकचा लेप?

चामडं: अंगाला सगळ्यात मऊ, दुरुस्त करता येतं, आणि अपघातात जीव वाचवण्यापुरतं तुटतंही. पण देखभाल मागतं. घामातलं मीठ, उन्हातली सुकवण आणि पावसाळ्यातली बुरशी हे तिन्ही शत्रू. भारतात या कामासाठी कानपूर प्रसिद्ध आहे, कानपूरच्या सॅडलरीला जीआय मानांकनही आहे. आपल्याकडेही जीन, म्हणजे खोगीर, बनवणारे म्हणून 'जिनगर' हे नाव पडलं. तालुक्याच्या गावी चामड्याचं काम करणारा हात अजून असेल तर त्याला आधी भेटा. मापाचा पट्टा तो शिवून देऊ शकतो.

नायलॉन: सगळ्यात स्वस्त, ताकदवान, धुता येतं. पण कडा धारदार, आणि घासलं की गरम होतं. नुसता नायलॉनचा पट्टा थेट छातीवर नको. आतून जाड नमदा किंवा मऊ अस्तर हवंच.

पॉलिस्टरच्या विणलेल्या पट्टीवर प्लॅस्टिकचा लेप दिलेला साज, म्हणजे बायोथेनसारखा: पाण्याने पुसला की झालं, बुरशी नाही, तेल नाही. कोकणपट्टीच्या आणि घाटमाथ्याच्या पावसात हे भारी. किंमत मात्र नायलॉनपेक्षा जास्त.

माझा उपाय मिश्रणाचा आहे. जिथे अंगाला जोर लागतो तिथे, म्हणजे छातीपट्टा आणि गादी, तिथे चांगलं चामडं किंवा अस्तर लावलेला लेपाचा पट्टा. जिथे फक्त ताण आहे आणि घासण कमी, म्हणजे ओढपट्टे, तिथे जाड नायलॉन चालेल. झालर, गोंडे, पितळी फुल्या यांच्यावर सुरुवातीला एक रुपयाही नको. ते पुढच्या दिवाळीला.

मापं घ्या, मगच दुकान उघडा

ऑनलाइन साज 'पोनी', 'कॉब', 'फुल' अशा साइजमध्ये येतो. आपल्याकडची टांग्याची घोडी बहुतेक वेळा लहान चणीची असतात. 'घोडा आहे ना, मग फुल साइज' असं करू नका. शिवणकामाचा टेप घ्या आणि ही मापं मोबाइलमध्ये लिहून ठेवा:

१. पुढच्या पायांच्या मागून, पाठीवरून पूर्ण घेर. गादी आणि तंगासाठी.
२. छातीवरून आडवं माप, एका खांद्याच्या मागून दुसऱ्या खांद्याच्या मागेपर्यंत.
३. गादीच्या जागेपासून शेपटीच्या मुळापर्यंत.
४. मांड्यांमागून अर्धा वळसा.
५. तोंडाच्या एका कोपऱ्यापासून कानांमागून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

साज चढवल्यावर तपासणी अशी. छातीपट्टा आडवा सरळ बसला पाहिजे, श्वासनलिकेच्या खाली आणि खांद्याच्या पुढे आलेल्या हाडाच्या वर. वर गेला तर श्वास कोंडतो, खाली गेला तर पायाची हालचाल अडते. गादी कण्यावर टेकायला नको, मधे बोगद्यासारखी मोकळी जागा हवी. दुमचीखाली दोन बोटं सहज जावीत. झापडाच्या मधोमध डोळा यावा आणि पापण्या कुठेही लागू नयेत. मांड्यांमागच्या पट्ट्यात, घोडा ओढत असताना, हाताचा पंजा जाईल इतकी सैल जागा हवी.

आणि एक फुकटातली तपासणी. दुचाकी टांग्यात सवारी बसवा आणि दांड्या हाताने उचलून बघा. हाताला थोडंसंच वजन लागलं पाहिजे. जड लागल्या तर घोड्याच्या पाठीवर नाहक ओझं आहे, आपोआप वर जात असतील तर मागे भार जास्त आहे. बसण्याची जागा थोडी पुढेमागे केली की हे सुटतं. कितीही भारी गादी घेतली तरी गाडीचा तोल चुकलेला असेल तर ती उपयोगाची नाही.

जुना साज घेताना

सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या घोडेबाजारात जुन्या-नव्या वस्तूंचा सौदा होतो. जुनं चामडं घ्यायला हरकत नाही, पण पट्टा दुमडून बघा. वरचा थर तडकला तर सोडून द्या. बकलाच्या वळणात, जिथे चामडं दुमडलेलं असतं, तिथे नख लावून बघा. भोकं लांबट झालीत का? शिलाईचे टाके तुटलेत का? कड्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा भरीव पितळेच्या आहेत, की लोखंडावर नुसता मुलामा आहे? खरचटलेल्या जागी गंज दिसला की उत्तर मिळालं. लगाम आणि ओढपट्टे मात्र शक्यतो नवेच घ्या. ते रस्त्यात तुटले तर घोडा, टांगेवाला आणि समोरून येणारी बाइक, तिघांचाही प्रश्न असतो.

किंमत कशी मोजायची

इथे माझ्यातला इंजिनिअर बोलणार. किंमत बघू नका, महिन्याचा खर्च बघा. समजा एक सेट ६,००० रुपयांचा, एक वर्ष टिकणारा. महिन्याला ५०० रुपये. दुसरा १४,४०० रुपयांचा, चार वर्षं टिकणारा. महिन्याला ३००. त्यात पहिल्या सेटने वर्षात दहा दिवस घोडा बसवून ठेवला, तर त्या दहा दिवसांची कमाईही मिळवा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका. मामांना मी हे कागदावर मांडून दाखवलं, तर ते म्हणाले, "एकदम चौदा हजार आणायचे कुठून, ते पण लिही की यात!"

मुद्दा बरोबर आहे. म्हणून सेट न घेता भाग घ्या. पहिल्या महिन्यात छातीपट्टा आणि फिरता दांडा. मग गादी आणि तंग. मग लगाम. जुन्यातलं धड आहे ते चालू ठेवायचं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही पण चालू सिस्टीम एका रात्रीत बदलत नाही, जिथे जास्त दुखतंय तिथून सुरुवात करतो.

कायदा आणि रोजची पाच मिनिटं

१९६५ चे ओझ्याच्या जनावरांसाठीचे केंद्रीय नियम आहेत. त्यानुसार दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही, आणि खिळे किंवा टोकं असलेली तोंडातली कडी किंवा साज वापरायचा नाही. मुंबईतल्या व्हिक्टोरिया २०१५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे गेल्या. घोड्याने गाडी ओढावी का, हा प्रश्न आपल्या श्रोत्यांपैकी अनेकांना पडतो, आणि तो रास्त आहे. पण आज जो घोडा जुंपलेला आहे, त्याच्या अंगाला पट्टा नीट बसावा, यावर दुमत नसावं.

रोज साज उतरवल्यावर ओल्या फडक्याने आतली बाजू पुसा. सावलीत वाळवा. चामड्याला अधूनमधून तेल, पण निथळेल इतकं नको. आणि पट्ट्याखालच्या जागेवरून तळहात फिरवा. केस झिजलेत, जागा गरम आहे, सूज आहे, घोडा अंग चोरतोय, यातलं काहीही आढळलं तर दुसऱ्या दिवशी जुंपायचं नाही, आणि पट्टा कुठे लागतोय ते शोधायचं. जखम वाहायला लागली असेल तर थेट पशुवैद्यक.

तुमच्या गावात साज शिवणारं कोणी असेल, तर त्यांची परवानगी घेऊन आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये त्यांनाच बोलतं करू. तोवर ऐकत राहा!