बॉडी बदलण्याआधी

कॅमेऱ्याची नवी बॉडी घेतली की फोटो सुधारतील, हा समज आकड्यांवर टिकत नाही. २४ मेगापिक्सेलचा निकॉन डी७५० सोडून ४५.७ मेगापिक्सेलचा डी८५० घेतला, तरी रुंदीतले पिक्सेल ६०१६ वरून ८२५६ होतात. वाढ जेमतेम ३७ टक्के. अंधाराचं म्हणाल, तर फुल-फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ छोट्या एपीएस-सी सेन्सरच्या सुमारे २.३ पट असतं, म्हणून प्रकाशही साधारण तितक्याच पटींत मिळतो. उलट किट लेन्सच्या एफ/५.६ ऐवजी एफ/१.८ची ५० मिमी लेन्स लावली, की आहे त्याच बॉडीत नऊ पटींहून अधिक प्रकाश शिरतो, तोही कितीतरी कमी पैशांत. उडते पक्षी टिपणाऱ्यांचा आक्षेप मात्र खरा आहे: डी३५०० मध्ये फोकसचे ११ बिंदू आणि सेकंदाला ५ फ्रेम, तर डी५०० मध्ये १५३ आणि १०. तिथे बॉडीच अडवते. ती जरूर बदलावी.