मोठ्या टाकीतलं बिऱ्हाड

आमच्या मांद्र्याच्या घरात मासा म्हटला की त्याची जागा स्वयंपाकघरात. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत मी खाऱ्या पाण्यातले जिवंत मासे घेऊन आले तेव्हा आजीने पहिला प्रश्न विचारला, "गो बाय, एवढ्याशा माशांचं हुमण तरी होणार का?"

मासे माझ्या मावसभावाचे, डिचोलीच्या दादाचे. तो नोकरीसाठी परदेशी निघाला होता आणि त्याची ८० लिटरची टाकी सांभाळायला कुणी नव्हतं. टाकीत दोन क्लाउनफिश, एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी, शंखात राहणारे चार खेकडे आणि दगडांना चिकटलेली मऊ प्रवाळं. माझ्याकडे २५० लिटरची टाकी रिकामी पडून होती.

ती रिकामी का होती, ते आधी सांगते. बारावीत असताना दादानेच दिलेले मासे मी छोट्या टाकीतून या मोठ्या टाकीत हलवले होते. सगळं स्वच्छ हवं म्हणून दगड नळाखाली घासून धुतले, जुनं पाणी ओतून दिलं, नवं भरलं. टाकी आरशासारखी चकचकीत दिसत होती. चौथ्या दिवशी मासे मेले. "आजारी असतील," असं मी दादाला सांगितलं.

खरं कारण मला नंतर कळलं. माशांच्या विष्ठेतून, श्वसनातून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने बरंच निरुपद्रवी. थोडं थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते दगडांच्या छिद्रांत आणि वाळूवर वस्ती करून असतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मी ती अख्खी वस्ती मारली होती. म्हणजे टाकी बदलताना नुसते मासे हलवायचे नसतात, हा न दिसणारा संसारही हलवायचा असतो.

या वेळी तयारी दोन दिवस आधी सुरू केली. २५० लिटर पाणी म्हणजे २५० किलो वजन. वर काच आणि दगड. म्हणून टाकी भिंतीलगत, भक्कम स्टँडवर ठेवली. पाणी समुद्रातून का आणलं नाही, असं आजीने विचारलं. केरीचा किनारा जवळच आहे, पण तिथे तेरेखोल नदी समुद्राला मिळते आणि पावसाळ्यानंतर पाण्याचा खारटपणा भरवशाचा नसतो. म्हणून आरओच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने मत्स्यालयाचं मीठ मिसळलं. १७० लिटरला साधारण ६ किलो लागलं. साधं मीठ चालत नाही. प्रवाळांना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही लागतं. पंप लावून पाणी फिरतं ठेवलं. दादाच्या टाकीइतकाच खारटपणा आणि २६ अंश तापमान जुळल्यावरच डिचोली गाठली.

तिथे टाकी उकलण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी जुनं स्वच्छ पाणी २० लिटरच्या तीन कॅनमध्ये काढून ठेवलं. मग दगड आणि प्रवाळं त्याच पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यांत. दगड निघाले की माशांना लपायला जागा उरत नाही, ते शेवटी अलगद हाती लागतात. जुनी वाळू मात्र आणली नाही. तळाशी साचलेला गाळ ढवळला तर त्यातली घाण एकदम पाण्यात उतरते. वरची मूठभर वाळू तेवढी घेतली.

एक सावधगिरी सगळ्यांनी लक्षात ठेवावी. झोअँथिड जातीच्या काही मऊ प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि असे दगड कधीही उकळू नयेत, वाफेतूनही बाधा होते.

थर्मोकोलच्या पेटीत सगळं बिऱ्हाड भरलं, बॅटरीवरचा एअर पंप लावला आणि अस्नोडा, कोलवाळ करत आम्ही मांद्र्याला आलो. आधी दगड रचले, जुनं पाणी ओतलं. मग बारीक नळीने टाकीतलं पाणी थेंब थेंब डब्यांत सोडत राहिलो. माशांपेक्षा कोळंबीला खारटपणातला फरक जास्त बाधतो, म्हणून तिला सर्वांत जास्त वेळ दिला. दिवाही पहिले काही दिवस मंद ठेवला. प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि तेच त्यांना अन्न पुरवतं. एकदम प्रखर उजेड पडला तर ते शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं.

हे काम घरापुरतंच नाही. २०२० साली मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळं दुसरीकडे हलवली गेली. त्यात आपल्या दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ होते. त्यासाठी वनखात्याची परवानगी लागली, कारण दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आपल्या ग्रांदे बेटाजवळही प्रवाळं आहेत. तिथली टाकीसाठी आणायचा विचारही करू नये.

पुढचे १४ दिवस मी रोज अमोनिया तपासला आणि खाणं निम्म्यावर आणलं. तिसऱ्या दिवशी किंचित रंग दिसला तेव्हा पोटात गोळा आला. लगेच ४० लिटर पाणी बदललं. नंतर मात्र रंग दिसला नाही.

चौदाव्या रात्री दादाचा फोन आला. मी म्हटलं, "दादा, बारावीतले ते मासे आजारी नव्हते. मी दगड नळाखाली धुतले होते."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आज अमोनिया किती?"

"शून्य."

"मग झालं तर."

हल्ली आजी संध्याकाळी टाकीसमोर खुर्ची टाकून बसते. हुमणाचं नाव काढत नाही. परवा मात्र मला हाक मारून म्हणाली, "गो, तुझं ते सुंगट आज कुठे दिसत नाही, जरा बघ."